पाठमोरी

धैर्यशील अंगणात पोटावर पडून खडूनं गाडी काढत होता आणि माझी ओवी त्याच्या मागोमाग रांगत ती गाडी पुसत होती.

"वहिनी, हिला उचला. मागचं चाक खाल्लं हिनं."

मी ओवीला उचललं. तिच्या ओठांभोवती पांढरी मिशी उमटली होती. बोट घालून मी तिच्या तोंडातला खडू काढला आणि खडू पोटात गेला तर काय होतं ते आठवू लागले. बी.एस्सी.ला एवढी केमिस्ट्री घासली होती, पण असल्या वेळी 'कॅल्शियम कार्बोनेट' एवढंच आठवतं. पुढचं नाही आठवत.

धैर्यशील माझा धाकटा दीर. स्टँडजवळ त्याचं गॅरेज होतं. मोबाइलवर परदेशातल्या, जमिनीला पोट टेकवून चालणाऱ्या गाड्या बघून बघून त्यानं तसलीच एक करायची मनात घेतली होती. हाताशी गाडी मात्र एकच. माझ्या नवऱ्याचा, सुहासचा छोटा टेम्पो. सुहास त्यातून वाड्यावस्त्यांवर पेंड आणि सरकी पोचवायचा.

"हे बघ दादा," धैर्यशील खडूच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाला. "आत्ता काय हाय, गाडी कोंबडीवानी उंच तंगड्यांवर उभी हाय. आपण पुढच्या स्प्रिंगचे पाटे कमी करायचे. मागचे तर सगळेच काढायचे आणि तिथं हवेचे फुगे बसवायचे, मोठ्या बसला असतात तसले. भंगारात मिळतात. हवा सोडली की गाडी खाली बसली. हवा भरली की उठली. म्हशीवानी."

"आणि मागचा एक्सल चेसीला आपटंल त्याचं?" सुहास म्हणाला.

"चेसीला वरनं घास काढायचा. असा, चंद्रकोरीसारखा. एक्सल वर आला की बरोबर त्यात बसणार. आणि हवेची टाकी इथं, उजव्या अंगाला, खालनं लटकवायची."

"पेंड कशी न्यायची मग?" सुहासनं विचारलं.

"पेंड, पेंड. जत्रा झाली की ने तुझी पेंड."

सुहास ओसरीच्या पायरीवर डावा पाय लांब सोडून बसला होता. तो पाय गुडघ्याखाली बारीक आणि जरा वाकडा. लहानपणी ताप आला आणि त्यात पाय गेला, असं मला बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझ्या वडिलांना ते स्थळ आवडलंही होतं. पण त्यामुळं झालं काय, की ओवीचं कपाळ जरा कोमट लागलं तरी माझा हात आधी तिच्या पायांकडं जायचा. थर्मामीटर मी उशाखाली ठेवायचे. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "हिनं पोर नाही, ताप जन्माला घातलाय."

हा सगळा खटाटोप जत्रेसाठी होता. आमच्या गावची देवी ओढाई. चैत्रात तिचा गाडा निघतो. पूर्वी तो लाकडी होता, बैलांचा. त्याचा कणा मोडला, बैलही गावात राहिले नाहीत, म्हणून तीन वर्षं देवी सुहासच्या टेम्पोतून निघत होती. पण टेम्पो उंच पडायचा. म्हाताऱ्या बायकांचा ओटी भरायला हात पोचायचा नाही, आणि वर प्रभावळ विजेच्या तारांना लागायची. धैर्यशीलनं जत्रा कमिटीसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की देवीला मी ओटी भरणाऱ्या बायकांच्या हाताशी आणून बसवतो. कमिटीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

पण त्या गाड्याची आणखी एक चाल होती आणि ती त्या अंगणात कुणालाच आठवत नव्हती. नवसाचं मूल त्या गाड्याखालून काढायचं. चावडीपुढच्या गल्लीत वाकळ अंथरतात. दुपट्यात घट्ट बांधून, तोंडात गुळाची पुरचुंडी देऊन मूल वाकळेवर ठेवतात, चाकाच्या आतल्या अंगाला. मुलांच्या तोंडाशी गाडा थांबतो, आरती होते आणि मग गाडा मुलांवरून पुढं जातो. तोवर आयांनी गाड्याकडं पाठ करून उभं राहायचं. जी वळून बघते तिचा नवस फुकट जातो.

ओवीसाठी आत्तींनी नवस बोलला होता. लग्नाला चार वर्षं होऊन गेली तेव्हा. मला न विचारता.

"भावजी," मी म्हणाले, "गाडी खाली बसल्यावर रस्त्यात आणि गाडीत किती अंतर राहील?"

त्यानं चार बोटं आडवी धरून दाखवली. त्याला वाटलं, मी कौतुकानं विचारतेय. "मांजरसुद्धा आडवं जाणार नाही."

"मग पोरं खालून कशी काढायची?"

धैर्यशील हसला. "बटण हाय की वहिनी. पोरं आली की बटण दाबायचं, गाडी वर. दीड वीत वर. पोरं गेली की खाली."

"आणि हवा गेली तर?"

"कुठं जाईल?"

"फुग्यातून हवा जाते, भावजी. भंगारातल्या फुग्यातून तर जातेच."

दारात तांदूळ निवडत बसलेल्या आत्तींनी सूप आपटलं. "शिकलेल्या बायकांची भीती पण शिकलेली असती. आमच्या वेळंला नुसती भीती होती, ती तरी बरी."

सगळे हसले. सुहासही.

त्या दुपारी ओवी जेवून उताणी झोपली तेव्हा मी तिच्याशेजारी बसून हाताची वीत उभी धरली. अंगठा चटईवर, करंगळी वर. तिचं पोट त्या वितीच्या निम्म्याच्या वर येत होतं. श्वास घेतला की अजून वर.

*

पुढचे दिवस घरात वेल्डिंगचा वास होता. धैर्यशीलनं काढलेले पाटे घरामागच्या परड्यातल्या भिंतीला रांगेनं टेकवून ठेवले. चेसीला घास काढला. कुठल्या तरी मोडलेल्या बसचे दोन काळे फुगे आणले, त्यांना साबणाचं पाणी लावून लावून बघितलं. गाडीला जांभळा रंग दिला. पहिल्यांदा त्यानं हवा सोडली तेव्हा गल्लीतली सगळी माणसं बघायला आली होती. गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि ती खरोखर म्हशीसारखी खाली बसली. मला कबूल करायला हवं, ते बघायला छान होतं.

जत्रेच्या आधी मी परड्यातला भोपळा आणला. वेलाला एकच मोठा लागला होता, ओवीच्या अंगाएवढा. तो तिच्या दुपट्यात बांधला आणि अंगणात वाकळेवर ठेवला.

"हे काय?" धैर्यशील म्हणाला.

"ह्याच्यावरून काढून दाखवा."

त्याला असलं आव्हान आवडायचंच. त्यानं बटण दाबलं, गाडी उठली, आणि त्यानं ती सावकाश भोपळ्यावरून पलीकडं नेली. मग मागं घेतली, परत पुढं आणली. भोपळा जागच्या जागी.

"ओरखडा तरी हाय का बघा. आता तरी विश्वास ठेवा दिरावर." शेवटच्या वेळी गाडी त्यानं भोपळ्यावरच उभी केली, इंजिन बंद केलं आणि हात धुवायला गेला. "आये, वाढ. पोटात कावळं वराडायल्यात."

मी पानं वाढली. बापलेक जेवावेत तसे दोघं भाऊ समोरासमोर बसून जेवले, कारण धैर्यशील बोलायचा आणि सुहास ऐकायचा. ताक वाढताना मला अंगणातून आवाज आला. मोठा नव्हता. नारळ पोत्यावर फोडला तर येईल तसा.

मी बाहेर गेले. गाडी खाली बसली होती. उजव्या अंगाला लटकवलेली हवेची टाकी दुपट्यात रुतली होती, आणि दुपट्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळा गर आणि बिया बाहेर आल्या होत्या.

बाकीचे माझ्या मागोमाग आले. धैर्यशील उष्ट्या हातानं वाकून फुग्याकडं बघत राहिला. "जोड ढिला हाय एक," तो म्हणाला. "आणि इंजिन बंद होतं ना. इंजिन चालू असलं की हवा भरत राहती. आणि वहिनी, देवी काय पोरांच्या अंगावर जेवायला बसणार हाय होय? गाडी आली, गाडी गेली."

"आरती असते," मी म्हणाले.

"मग इंजिन चालू ठेवून आरती करू."

आत्तींनी गाडी उचलायला लावली. खाली वाकून दुपटं उलगडलं, भोपळ्याच्या फोडी पदरात घेतल्या आणि त्या आत गेल्या. "वाया कशाला घालवायचं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी पानात भोपळ्याची भाजी होती. लाल तिखट, वर खोबरं.

"वाढ की," आत्ती मला म्हणाल्या. "तुझ्या ओवीची भाजी. बरी झालीया."

धैर्यशीलला हसताना ठसका लागला. मी सुहासकडं बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता. भाकरीच्या तुकड्यानं त्यानं ती भाजी पुसून खाल्ली.

"तुका सुताराची गोष्ट सांग हिला, आये," धैर्यशील डोळे पुसत म्हणाला. "जरा धीर येईल."

आत्तींनी पाणी प्यायलं. "जुना गाडा नवा करून आणला त्या साली तुका सुतार म्हणाला, माझ्या हातचं काम हाय, आधी माझ्यावरनं जाऊ दे. झोपला की आडवा गल्लीत. गाडा गेला वरनं, उठला, धोतर झटकलं. तवापासनं चाल पडली. ज्यानं गाडा केला त्यानं आधी झोपायचं, मग पोरं." त्या माझ्याकडं वळल्या. "तो अंगठेबहाद्दर होता, आणि त्याला भ्या नव्हतं. तू कॉलेज शिकून आलीस आणि भोपळा चिरडत बसलीस."

रात्र व्हायच्या आत मी सुहासला परड्यात गाठलं. तो भिंतीला टेकवलेल्या त्याच्या जुन्या पाट्यांवरची धूळ पुसत होता.

"तुम्ही सांगा ना त्यांना. ओवीला नको म्हणून."

"आईनं नवस बोललाय."

"तुम्ही भोपळा बघितलात."

"भावना असती गं माणसांची." त्यानं पाटा परत भिंतीला लावला. "मला पण काढलं होतं गाड्याखालनं. धैर्यालाही. काय झालं आम्हाला?"

तो लंगडत पाणी तापवायला गेला.

*

जत्रेच्या दिवशी सकाळपासून ऊन तापलेलं होतं. जांभळ्या गाडीत ओढाई बसली होती, आणि धैर्यशीलनं दिलेला शब्द खरा केला होता. चौकाचौकांत गाडी उसासा टाकून खाली बसायची, म्हाताऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहून देवीच्या ओटीत नारळ घालायच्या, आणि एकजण तर धैर्यशीलच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडून गेली. आत्ती त्याच्या शेजारून चालत होत्या. इतक्या ताठ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

चावडीपुढच्या गल्लीत वाकळ अंथरली होती. त्या साली नवसाची तीन मुलं होती. ओवी माझ्या खांद्यावर, दुपट्यात बांधलेली, तोंडात गूळ. तेच दुपटं. मी दोनदा धुतलं होतं तरी पिवळे डाग राहिले होते.

धैर्यशीलनं गाडी वर घेतली आणि उतरून पुढं आला. "आणा पोरं."

मी ओवीला दिलं नाही. मी गुरवाकडं वळले. म्हातारा गुरव आरतीचं ताट धरून उभा होता.

"गुरवकाका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडा नवा आहे. चालीप्रमाणं ज्यानं केला तो आधी झोपतो ना?"

गुरव विचारात पडला. चावडीच्या कट्ट्यावरून एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय की. तुका सुतार झोपला हुता. मी बघितलंय."

"मी काय सुतार हाय व्हय?" धैर्यशील हसला.

"गाडी तुम्हीच केलीत की भावजी. गावभर सांगताय."

त्याच्या दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. कुणी तरी ओरडलं, "झोप की धैर्या, का फाटली?" दुसरा म्हणाला, "पोट आत घे रं, न्हाईतर टाकी अडकायची." धैर्यशीलनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मोबाइल एका दोस्ताच्या हातात दिला. "व्हिडिओ काढ. नीट काढ." आणि तो वाकळेवर उताणा झोपला, उजव्या चाकाच्या आत, मुलांच्या जागेवर. "दादा, तू चालव."

सुहास गाडीत चढला. चढताना त्याला नेहमी डावा पाय हातानं उचलून आत घ्यावा लागायचा.

"ह्याची आई कुठाय?" गुरव म्हणाला. "आईनं पाठ करायची. नवसाच्या सगळ्या आयांनी पाठ करा."

आत्तींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. पण गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. त्या येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी गाड्याकडं पाठ केली. आम्ही चौघीजणी रांगेत, तोंडं चावडीच्या भिंतीकडं. ओवी माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. आमच्यात तेवढी एकटीच बघू शकत होती.

"ते इंजिन बंद करा," गुरव म्हणाला. "आरती ऐकू येईना."

मागं इंजिन बंद झालं.

आरती सुरू झाली. झांजा वाजत होत्या, टाळ्या पडत होत्या. झांजांच्या मधल्या फटीत मला तो आवाज ऐकू आला. बारीक. सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा जाते तसा. अंगणात महिनाभर मी तोच ऐकला होता.

आत्तींनाही आला. मला कळलं, कारण त्यांचे ओठ आरतीतून सुटले. टाळी वाजत राहिली, पण ओठ थांबले. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मी टाळ्या वाजवत राहिले.

मी बोलू शकले असते. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द मी अंगणात बोलले होते, जेवणात बोलले होते, परड्यात बोलले होते. आता तो मला त्यांच्या तोंडून ऐकायचा होता.

आरतीचं दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. आत्तींच्या गळ्याची शीर उडत होती. ओवी माझ्या कानाशी हुंकारली, गाडीकडं बोट दाखवावं तशी.

मग मागं इंजिन सुरू झालं. बटण दाबायचं काम धैर्यशीलचं होतं आणि धैर्यशील खाली होता. सुहासला लोकांनी हात केला आणि त्यानं गिअर टाकला. तो खडाक् आवाज मी रोज सकाळी ऐकायचे.

आत्ती वळल्या.

"थांबव," त्या किंचाळल्या. "सुहास, थांबव. धैर्या, ऊठ. एकाचा पाय घेतला की तिनं, आता ह्याला न्हाई देत मी. एकाचा घेतला की."

मीही वळले. धैर्यशील कुशीवर लोळत बाहेर पडला, त्याचा नवा सदरा धुळीनं माखला. गाडी चार हात पुढं आली, गचका खाऊन बंद पडली आणि मग तिनं उसासा टाकला. सगळ्या गावासमोर, सावकाश. हवेची टाकी वाकळेवर जाऊन टेकली, जिथं त्याची छाती होती तिथं.

झांजा थांबल्या होत्या. बाकीच्या दोघीजणींनी आपापली मुलं छातीशी धरली होती. कुणी गाडीकडं बघत नव्हतं. सगळे काचेमागं बसलेल्या सुहासकडं बघत होते.

सुहास स्टेअरिंगवर हात ठेवून आपल्या पायाकडं बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं, पाय हातानं उचलून बाहेर ठेवला आणि लंगडत माझ्यापर्यंत आला. त्यानं ओवीला माझ्याकडून घेतलं, तिच्या अंगावरचं दुपटं सोडून तिथंच रस्त्यावर टाकलं आणि तो घराकडं चालू लागला.

ओवी आता सातवीत आहे. गावात अजून सांगतात, की त्या साली देवी गल्लीत बसली, कारण पाटलांच्या थोरल्या सुनेनं, म्हणजे मी, वळून बघितलं. आत्ती वळल्या होत्या हे कुणी सांगत नाही.

*

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा सुहास ओसरीच्या पायरीवर होता, पाय लांब सोडून. ओवी त्याच्या मांडीवर त्याच्या शर्टाची गुंडी चावत होती. धैर्यशील आलाच नाही. आत्ती आल्या, पाय धुतले, आणि देवीच्या ओटीतले नारळ फोडायला बसल्या, जसं काही रोजचंच काम.

"ताप आला होता म्हणालीस," सुहास म्हणाला.

"आलाच होता की." त्यांनी नारळ दगडावर आपटला. "मी कधी खोटं बोलले? पाय मोडला त्याच सांजंला आला. उतरंना."

"कुणी सांगितलं नाही मला. गावात एवढी माणसं."

"काय सांगायचं? देवीचा गाडा हाय. बैल बुजला, चाक सरकलं. तू काय तिच्याशी भांडायला जाणार होतास?"

सुहासनं ओवीच्या तोंडातली गुंडी सोडवली. त्याचा आवाज चढला नाही. त्याचा आवाज कधीच चढत नाही.

"मी ओरडलो असेन."

"ओरडलास की. लई ओरडलास."

"आणि तू?"

"मी काय? नियम हाय तशी उभी होते. पाठ करून."

"ऐकू आलं तुला?"

"ऐकू यायला काय झालं? हातभर तर होतास. आरती संपंस्तोवर उभी होते." त्यांनी करवंटीतून खोबरं उपसलं. सुरीचं टोक त्या तुकड्याखाली सावकाश फिरवत होत्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सोपं नसतंय ते. हिला काय ठावं?"

"आज धैर्यासाठी वळलीस," सुहास म्हणाला.

आत्तींची सुरी थांबली. मग त्यांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

"खा. परसाद हाय."

सुहासनं हात पुढं केला नाही. तुकडा तसाच राहिला, त्यांच्या दोघांच्या मधे. मग आत्तींनी तो ओवीच्या मुठीत दिला, आणि ओवीनं लगेच तोंडात कोंबला. तिच्या घशाएवढा होता तो.

मी बोट घातलं आणि तो बाहेर काढला.